भीमगीताचे शेवटचे कडवे कोण कापतो?

एप्रिल महिना तोंडावर आला की पनवेल, कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनीपासून तळोज्यापर्यंतच्या वस्त्यांमधील आपली तरुण मुले एका कामाला जुंपून घेतात. एखादे भीमगीत निवडायचे, त्यावर बाबासाहेबांची छायाचित्रे, मिरवणुकीच्या, चैत्यभूमीच्या, दीक्षाभूमीच्या क्लिप्स जोडायच्या, खाली आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या निळ्या रेघा लावायच्या आणि १४ एप्रिलच्या आत तो व्हिडिओ गावभर पोचवायचा. या नाचणाऱ्या रेघांच्या तंत्राला व्हिज्युअलायझर म्हणतात. अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते याकडे पाहून नाक मुरडतात. "मोबाईलवर रेघा नाचवून काय क्रांती होणार आहे?" असा सवालही करतात. मला हा सवाल मान्य नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे झाले, पुढे वामनदादा गावोगाव फिरले, नंतर कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज झोपडीझोपडीत पोचला. ज्या काळात जे साधन हाताशी आले ते आपल्या माणसांनी घेतले. आज मोबाईल हाताशी आहे, तर मुलांनी तो घेतला. यात चुकीचे काय?

चुकीचे काही असेल तर ते साधनात नाही, कापण्यात आहे. आणि त्याबद्दल चळवळीत कोणी बोलत नाही म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. १९९७ साली विनॅम्प नावाचे गाणी ऐकण्याचे सॉफ्टवेअर आले, २००१ मध्ये त्याला मिल्कड्रॉप नावाची जोड मिळाली. त्या काळी सायबर कॅफेत बसलेल्यांनी गाण्याबरोबर हलणारे ते रंगीत भोवरे पाहिले असतील. आजचा व्हिज्युअलायझर त्याच घराण्यातला. तो आवाजाची फोड करतो, खर्जाचा आवाज किती, मधला किती, टिपेचा किती हे सेकंदात अनेकदा मोजतो आणि त्या मापाने रेघा उंच-ठेंगण्या करतो. साधारणपणे डावीकडच्या रेघा खर्जाच्या, उजवीकडच्या टिपेच्या. अशी फोड करण्याचे गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचे. संगणकाला ते झटपट जमावे अशी रीत कूली आणि टुकी या दोघांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. गणित मोठे आहे, पण त्याला कळते ते फक्त आवाजाचे माप. ढोलकीचा ठोका पडला की रेघ उसळते. शाहीर आवाज खाली आणून, वाद्ये थांबवून, श्रोत्याच्या काळजाला हात घालणारी ओळ म्हणतो तेव्हा हीच रेघ जमिनीला टेकते. आपल्या शाहिरांची गाणी ज्यांनी समोर बसून ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे की खरा वार पुष्कळदा त्या खालच्या आवाजातच असतो.

आता या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय आलेली आहे. गाणे टाकले की ठोके ओळखून ते क्लिप्स आपोआप कापून देते. 'सर्वात उठावदार' तुकडाही स्वतःच निवडते. उठावदार म्हणजे काय? जिथे आवाज मोठा तो. म्हणजे मुखडा, कोरस, ढोलकीची बढत. तीस सेकंदांचे रील तयार होते, मिरवणुकीत वाजते, लोक नाचतात. आणि गाण्यातली मांडणी? ती कडव्यांत असते. पहिल्या कडव्यात प्रश्न, दुसऱ्यात दाखला, तिसऱ्यात सवाल आणि शेवटी शाहिराची नाममुद्रा. वामनदादा कर्डक आपल्या गीतांच्या शेवटी 'वामन' हे नाव ओवीत असत. ही प्रथा संतकवींपासून चालत आलेली. पण आपल्यासाठी तिला वेगळा अर्थ आहे. ज्यांना नाव घेण्याचाही अधिकार नव्हता, त्यांनी आपले नाव आपल्या शब्दांत गुंफून ठेवले. कॅसेटवरचा कागद फाटला, ध्वनिमुद्रिकेवरची चिठ्ठी पुसली गेली तरी गाणे वाजेल तिथे नाव वाजेल, अशी ती सोय होती. आज आपण पहिली तीस सेकंदे ठेवतो आणि बाकीचे कापतो. म्हणजे नेमके ते नावच कापतो. कोणा मनुवाद्याला हे करावे लागलेले नाही. आपणच करतो, जयंतीच्या निमित्ताने करतो, आणि वर एडिटिंग करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत निळ्या प्रकाशात झळकते!

माझ्या कचेरीत मागे एक वृद्ध ढोलकीवादक आले होते. पनवेल तालुक्यातलेच. त्यांच्या ऐन उमेदीतल्या एका ध्वनिमुद्रणावर कोणीतरी व्हिडिओ केला होता आणि तो भरपूर पाहिला गेला होता. त्यांना पैसे नको होते. "वकीलसाहेब, नातवाला सांगतो ढोलकी माझी आहे, तो म्हणतो नाव कुठाय?" एवढीच तक्रार. तक्रार कायद्यात बसते का? बसते, आणि कशी बसते ते वाचकांनी नीट समजून घ्यावे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५७ ने लेखकाला दोन खास हक्क दिले आहेत. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्याला अडवण्याचा. गीतकाराने सगळे हक्क कंपनीला विकून टाकले असले तरी हे दोन त्याच्याकडेच राहतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या पश्चात वारसांना हे दोन्ही हक्क बजावता येतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, त्यात त्याची दुर्दशा झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या बळावर सहगल यांना पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग परत देण्याचा आदेश दिला. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, तरीही! जो न्याय शिल्पाला, तोच गीताला.

गायक-वादकांसाठी कलम ३८ आहे, आणि २०१२ मध्ये आलेले ३८-ब. कायद्याच्या व्याख्येत ढोलकीवादकही 'परफॉर्मर' ठरतो. वापराच्या पद्धतीमुळेच नाव देणे शक्य नसेल तेवढा अपवाद सोडला तर कलावंत म्हणून त्याची ओळख राहिली पाहिजे, असे हे कलम म्हणते. व्हिडिओत नाव देणे अशक्य असते असे कोणता न्यायाधीश मान्य करील? पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक गोष्ट आहे, जी मी लपवणार नाही. संपादनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी कलाविष्काराचा काही भाग काढला, एवढ्यावरून कलावंताच्या प्रतिष्ठेला धक्का बसला असे मानले जाणार नाही, असे कायदा स्वच्छ सांगतो. म्हणजे कात्रीला कायदा बऱ्याच अंशी माफ करतो, नाव गाळण्याला करत नाही. शेवटचे कडवे वाचवायचे असेल तर त्यासाठी कोर्टाची पायरी फारशी उपयोगाची नाही. ते काम एडिटिंग करणाऱ्या मुलाचे, त्याला व्हिडिओ करायला सांगणाऱ्या मंडळाचे आणि 'छान झालाय' म्हणून पुढे पाठवणाऱ्या आपल्या सर्वांचे आहे.

एक गैरसमज मात्र आजच काढून टाका. तीस सेकंदांपर्यंत कोणाचेही गाणे वापरले तर चालते, असे तरुण मंडळी ठामपणे सांगतात. भारतीय कायद्यात असे सेकंदांचे कोणतेही माप नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त अशा कारणांसाठी रास्त वापराची सवलत आहे, पण ती घड्याळ लावून मोजली जात नाही. गीताचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, त्यांचा २०६४ च्या अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. ऐंशीच्या दशकातली कॅसेट म्हणजे २०४० च्या दशकापर्यंत कोणाच्या तरी मालकीची. याउलट बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले स्वतःचे लिखाण १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे, आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांवरचा हक्कही संपलेला आहे. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. कडव्याच्या मागे त्यांच्या ग्रंथाचे पान दाखवा, जुने छायाचित्र दाखवा. कोणी हरकत घेऊ शकत नाही.

हक्क चुकवण्यासाठी आणखी एक आडवाट निघाली आहे. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा टाकलेल्या आवाजाची नोंदलेल्या ध्वनिमुद्रणांशी तुलना करते आणि जुळले की हक्कदाराला कळवते. तिला चकवायला मुले गाण्याचा वेग थोडा वाढवतात. टेप जोरात फिरवावी तसा सहा टक्के वेग वाढला की स्वर अर्ध्या पट्टीने चढतो. प्रल्हाददादांचा तो भरदार, मातीतला आवाज कोणा पोरसवद्या गायकासारखा ऐकू येतो. ही मोडतोड आहे. 'ठरावीक वेळेत बसवण्यासाठी' हा बचाव इथे कसा चालेल, हे मला तरी दिसत नाही.

आवाजाबद्दल एवढे. चित्रांची गोष्ट त्याहून गंभीर आहे.

मोबाईलच्या उभ्या पडद्यासाठी आडवे छायाचित्र कापावे लागते. चारास तीन मापाचे जुने छायाचित्र नवास सोळाच्या उभ्या चौकटीत भरले तर रुंदीचा फक्त ४२ टक्के भाग उरतो, ५८ टक्के जातो. हे गणित कोणीही कागदावर करून पाहावे. सॉफ्टवेअर मध्यभागी चेहरा शोधते आणि कडा फेकून देते. आता जुलै १९४२ मधील नागपूरच्या परिषदेचे, बाबासाहेबांसोबत स्त्री-प्रतिनिधी असलेले ते प्रसिद्ध छायाचित्र आठवा. मध्ये बाबासाहेब, आजूबाजूला लुगडी नेसलेल्या आपल्या आया-आज्या. उभी चौकट लावली की मध्यावर बाबासाहेब राहतात आणि कडेच्या स्त्रिया पडद्याबाहेर जातात. महाडला, नाशिकला, येवल्याला, नागपूरला जी माणसे भाकरी बांधून चालत गेली ती छायाचित्रांत कडेलाच उभी असतात. बाबासाहेबांना एकट्याने उभे करून त्यांचा देव करायचा असेल तर हे कापणे सोयीचे आहे. चळवळ दाखवायची असेल तर नाही. उपाय साधा आहे. छायाचित्र अख्खे आडवे ठेवा, वर-खाली निळी पट्टी येऊ द्या, तिथेच नावे लिहा. किंवा चौकट डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवा, म्हणजे प्रत्येक चेहरा एकदा तरी दिसेल.

दुसरे, चवदार तळ्याचे कोणतेही गीत घ्या, त्यावर जब्बार पटेलांच्या २००० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटातली क्लिप हमखास असते. मामूट्टी ओंजळीत पाणी घेतात आणि खाली तारीख झळकते, २० मार्च १९२७. मामूट्टींनी ती भूमिका ताकदीने केली यात वाद नाही. पण त्या दिवसाचे चलच्चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि लहान मुले या क्लिपलाच खरा प्रसंग समजू लागली आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शन मालिकेतल्या दृश्यांचेही तेच. कोपऱ्यात 'चित्रपटातील दृश्य' एवढे दोन शब्द टाकायला किती वेळ लागतो? उद्या कोणी उठून म्हणेल, हे सगळे सिनेमातले आहे, महाड झालेच नाही. तेव्हा खरे आणि अभिनित यांची सरमिसळ करून त्याच्या हातात कोलीत कोणी दिले, हा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल. आता तर छायाचित्राचे ओठ हलवून बाबासाहेबांच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालणारी साधने निघाली आहेत. त्यांना आपल्या व्हिडिओत अजिबात थारा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते वाक्य कितीही चांगले असो.

बाबासाहेबांचा खरा आवाज आणि खरे हलते चित्र आपल्याकडे आहे ना! बीबीसीला १९५३ मध्ये दिलेली मुलाखत सर्वांनी पाहिली आहे. तिचाही तुकडा पाडला जातो. भारतात लोकशाही चालणार नाही, एवढ्यावर क्लिप तोडायची, मागे ढोल वाजवायचा, रेघा उसळवायच्या. ते कारण म्हणून इथल्या समाजरचनेवर बोट ठेवतात, ते पुढे आहे. निष्कर्ष ठेवून कारण कापले की राज्यघटनेचा शिल्पकारच लोकशाहीच्या विरोधात होता, असे म्हणायला विरोधक मोकळे. वकिलीच्या धंद्यात साक्षीदाराचे अर्धे वाक्य वाचणाऱ्याला न्यायाधीश तिथल्या तिथे थांबवतात आणि पूर्ण वाक्य वाचायला लावतात. क्लिप कापताना हा न्यायाधीश आपल्याच मनात बसवावा लागेल.

मग काम करायचे कसे? मी काही तंत्रज्ञ नाही, पण आमच्या भागातल्या चांगले काम करणाऱ्या मुलांबरोबर बसून जे पाहिले ते सांगतो. सॉफ्टवेअर उघडण्याआधी गाणे कागदावर उतरवून घ्यावे, कडव्यांसह. टाइमलाइनवर, म्हणजे खालच्या लांबट पट्टीवर, प्रत्येक कडवे सुरू होते तिथे खूण करावी. क्लिप्स ठोक्यांवर न बसवता या खुणांवर बसवाव्यात. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला क्लिप बदलली तर एका चित्राच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो. अर्ध्या सेकंदात चवदार तळे काय आणि काळाराम मंदिर काय, सगळे सारखेच. एका कडव्याला तीन-चार चित्रे पुरतात. आपोआप कापण्याची सोय बंद ठेवावी, किंवा मिरवणुकीच्या दृश्यापुरती चालू करावी, तिथे ती शोभते. रेघा तळाशी बारीक ठेवाव्यात, बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर नाचवू नयेत. रील तीस सेकंदांचेच हवे असेल तर शेवटचे कडवे घ्या. मुखडा सगळ्यांना पाठ आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ट्रिम केली म्हणजे मूळ फाईल कापली जात नाही. कुठून कुठपर्यंत दाखवायचे एवढीच खूण प्रोजेक्टमध्ये राहते, मूळ क्लिप फोनमध्ये जशीच्या तशी असते. पण जागा भरली म्हणून पोरे जयंतीनंतर मूळ क्लिप्स पुसून टाकतात, आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्ट उघडले तर काळ्या चौकटी! मग तयार व्हिडिओतूनच पुन्हा तुकडा घेतात. प्रत्येक फेरीत चित्र आणखी गढूळ होते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले तरी तेच होते, म्हणून मूळ क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. प्रत्येक विहाराने एक हार्डडिस्क विकत घ्यावी. मंडपाच्या आणि डीजेच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही.

मूळ जपण्याचे मोल काय ते विलास घोगरे यांच्या उदाहरणावरून कळते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने आपले आयुष्य संपवले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये घोगरे यांचे गाणे चित्रित झालेले होते. ते चित्रीकरण जपलेले होते म्हणूनच चौदा वर्षे खपून केलेल्या आणि २०११ मध्ये आलेल्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये आपण त्या शाहिराला पुन्हा गाताना पाहू शकलो. तीन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात गाण्यांना पुरेसा वेळ दिलेला आहे, आणि गाणारा कोण हे कळते. एडिटिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने तो एकदा फक्त कात्री कुठे लागली आणि कुठे नाही, हे पाहण्यासाठी पाहावा.

आपल्या तालुक्यात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर कॅसेटची खोकी पडून आहेत. स्थानिक गायनपार्ट्यांची, कंपनीचे तोंडही न पाहिलेली ध्वनिमुद्रणे त्यांत आहेत. फीत चिकटते, बुरशी धरते, ती फार वर्षे थांबणार नाही. या जयंतीच्या निमित्ताने विहारांनी ती गोळा करावीत, ज्या मुलांना क्लिप कापता येते त्यांच्याकडूनच ती संगणकावर उतरवून घ्यावीत आणि जे गायक-वादक हयात आहेत त्यांच्याकडून गीतकार, गायक, वादक, गाव, साल लिहून घ्यावे. परवानगीचा एक पानी मजकूर मी मराठीत करून देईन, त्याचे पैसे लागणार नाहीत. कॅसेट आणताना आतला कागद मात्र फेकू नका. गीतकाराचे नाव पुष्कळदा तेवढ्या एका कागदावरच असते.